गांवांतील दुफळी आणि वेगळी मतपेटी

ग्रामपंचायतीची निवडणूक आटोपली म्हणजे गुलाल दोन दिवसांत धुतला जातो, परंतु तिनें पाडलेली फूट पुढें पांच वर्षें तशीच राहते, हा अनुभव आमच्या खेड्यापाड्यांतील वाचकांस नवा नाहीं. एका आळीचे लोक दुसऱ्या आळीच्या लग्नास जात नाहींत. एकाच लहानशा गांवांत दोन दूध डेअऱ्या निघतात, आणि घराजवळची डेअरी सोडून मनुष्य वेशीपलीकडे आपल्या गटाच्या डेअरींत दूध घालावयास जातो. विकास सोसायटीचें कर्ज, टँकरच्या पाण्याची पाळी, शाळेच्या समितीवरील नेमणूक, या सर्वांत 'तो कोणाकडचा?' हा प्रश्न पहिला विचारला जातो. कायद्याप्रमाणें ही निवडणूक पक्षांच्या चिन्हांवर होत नाहीं. तथापि तालुक्याच्या पुढाऱ्यांचे हात गांवापर्यंत पोहोंचलेले असतात, आणि जेथें ते पोहोंचत नाहींत तेथें भाऊबंदकी तें काम करते. आमच्या मंडळ्या या वाऱ्यापासून अलग राहिल्या आहेत असें कोणी म्हणूं नये. उपासनेस एक गट पुढच्या सतरंज्यांवर व दुसरा दाराशीं बसलेला, आणि प्रभुभोजनाच्या वेळीं एकमेकांची नजर चुकविणारे सख्खे चुलतभाऊ, हें पाहिलें नाहीं असा पाळक विरळा.

प्रथम शब्दांचा उलगडा करूं. मतभेद आणि दुफळी या दोन गोष्टी एक नव्हेत. विहीर कोठें खणावी याविषयीं दोघांचीं दोन मतें पडलीं तर तो मतभेद होय. विहीर दुसऱ्या गटानें खणली म्हणून तिचें पाणी न पिणें ही दुफळी होय. मतभेदांत मनुष्य कामाकडे पाहून मत ठरवितो. दुफळींत तो काम करणाराकडे पाहून ठरवितो. ज्यास आपली स्वतःची परीक्षा करावयाची असेल त्यानें इतकेंच करावें: सरपंचाच्या ज्या कामास आपण काल नांवें ठेविलीं, तेंच काम आपल्या गटाच्या सरपंचानें केलें असतें तर आपण काय म्हटलें असतें, हें मनाशीं विचारून पाहावें. उत्तर बहुधा लाजिरवाणें येतें. मतभेद नसलेलें गांव आम्हीं अद्याप पाहिलेलें नाहीं, आणि तसें गांव असावें अशी आमची इच्छाही नाहीं. कारण जेथें कोणीच कांहीं बोलत नाहीं तेथें बहुधा कोणीतरी कोणाच्या तरी भीतीनें गप्प बसलेला असतो. तेव्हां प्रश्न एवढाच उरतो कीं, मतभेद राहूं देऊन दुफळी कशी घालवावी; आणि जी एकी आपण मागतों तिची किंमत कोण देतो?

दुफळीवरचा जो उपाय आजकाल पुष्कळांच्या तोंडीं आहे तो 'बिनविरोध' हा होय. निवडणूक झाली कीं भांडण होतें, म्हणून निवडणूकच होऊं देऊं नये. वडील मंडळींनीं पारावर बसून नांवें ठरवावीं, बाकीच्यांनीं अर्ज मागें घ्यावे, आणि गांवाचा खर्च व कटुता दोन्ही वांचवावीं. कांहीं आमदारांनीं अशा गांवांस विकासनिधि देऊं केला. तंटे गांवच्या गांवींच मिटावे या उद्देशानें १५ ऑगस्ट २००७ पासून सरकारनें महात्मा गांधी तंटामुक्त गांव मोहीम चालविली, आणि बांधाचे व वाटेचे कितीएक जुने तंटे तिच्यायोगें मिटलेही. या उद्देशाविषयीं आमची तक्रार नाहीं. परंतु उपाय उद्देशावरून जोखावयाचा नसतो. तो कोणाच्या अंगावर पडतो तें पाहावें लागतें.

जानेवारी २०२१ च्या निवडणुकींत नाशिक जिल्ह्यांतील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील खोंडामळी या दोन गांवीं पंचायतीच्या पदांचा लिलाव झाल्याचें दिसून आल्यावरून राज्य निवडणूक आयोगानें तेथील सबंध निवडणूक रद्द केली. एका गांवीं बोली २ कोटी रुपयांच्या वर गेली होती, दुसऱ्या गांवीं ४२ लाखांपर्यंत. आणि ती रक्कम देवळाच्या कामीं लावावयाची होती असें त्या वेळीं प्रसिद्ध झालें. आतां पाहा. डोकीं फुटलीं नाहींत, दारू वाटली गेली नाहीं, पैसाही कोणा एकाच्या घरीं न जातां गांवाच्या कामास जाणार होता. मग बिघडलें काय? बिघडलें तें असें कीं, ज्याच्यापाशीं बोली बोलावयास पैसा नव्हता त्याचें मत त्या दिवशीं नाहींसें झालें, आणि त्यास कोणीं विचारलेंही नाहीं. लिलाव ही टोकाची गोष्ट झाली. परंतु पारावरच्या बैठकीचें तरी काय? तेथें कोणास बोलावणें जातें व कोण चार हात दूर उभा राहतो, हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. बायका तर बहुधा नसतातच. ज्या बैठकींत नाहीं म्हणण्याची सोय नाहीं, तिच्यांतून निघालेल्या होकारास एकमत हें नांव देणें म्हणजे शब्दाचा अपमान होय.

एकमतानें झालेला ठराव आणि लोकांच्या मनांतील एकमत यांत किती अंतर असूं शकतें, याचें एक मोठें उदाहरण आपल्याच राज्यांत घडलें. २७ जुलै १९७८ रोजीं महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव द्यावें असा ठराव एकमतानें संमत केला. सभागृहांत विरोध नव्हता. पण त्यानंतर लागलीच मराठवाड्याच्या गांवोगांव दलितांचीं घरें जाळण्यांत आलीं, माणसें मारलीं गेलीं, आणि ठराव अडून राहिला. पुढें साडेपंधरा वर्षें मोर्चे, तुरुंगवास व बलिदान झाल्यावर १४ जानेवारी १९९४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ असें दोन्ही नांवांचें नांव ठरलें. एका पक्षास तें उणें वाटलें, दुसऱ्यास अधिक. तथापि आज तेथें शिकावयास जाणारा मुलगा, मग तो कोणत्याही आळींतला असो, तें पूर्ण नांव आपल्या प्रमाणपत्रावर बाळगतो. यांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. त्या वर्षांत जे उपदेशक दोन्ही बाजूंस सारखेंच 'शांत राहा' म्हणून सांगत फिरले, ते आपणांस निःपक्षपाती समजत असतील. परंतु ज्याचें घर जळलें आहे त्यास आणि ज्याच्या हातीं काडी आहे त्यास एकच उपदेश करणें हा निःपक्षपात नव्हे. शांतीच्या नांवाखालीं पुष्कळदां बलवंताचीच बाजू घेतली जाते.

मग खरें एकमत असतच नाहीं काय? असतें, पण तें महाग असतें. गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) म्हणून गोंड लोकांचें एक लहानसें गांव आहे. तेथील ग्रामसभा बहुमतानें निर्णय करीत नाहीं, सर्वांच्या संमतीनें करते. एकाची जरी हरकत असली तरी विषय पुढच्या सभेवर जातो, आणि मधल्या काळांत लोक अभ्यासगट करून त्याची माहिती काढतात, पुनः बोलतात. स्त्रिया सभेस असतात व बोलतात. २००९ सालीं या गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. वनहक्काच्या कायद्याखालीं असा हक्क प्रथम मिळविणाऱ्या गांवांत त्याची गणना होते. पाहणारास वाटतें, हेंही बिनविरोधच. परंतु दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बिनविरोधांत विरोध करणारास घरीं बसवितात; मेंढ्यांत त्याच्यासाठीं सबंध गांव थांबतें. आम्ही असें म्हणत नाहीं कीं दोन-तीन हजार वस्तीच्या, सात जातींच्या गांवीं हें जसेंच्या तसें चालेल. मेंढा लहान आहे व तेथील लोक बहुतेक एका समाजाचे आहेत. पण थांबण्याची ती संवय कोणत्याही गांवीं लावून घेतां येण्यासारखी आहे.

दुसरा उपाय पहिल्याच्या अगदीं उलट आहे, आणि त्याचा आमच्या समाजाशीं निकट संबंध असल्यामुळें त्याविषयीं अंमळ विस्तारानें लिहितों. तो उपाय असा कीं, जे लोक एकमेकांशीं भांडतात किंवा एकमेकांस भितात, त्यांच्या मतपेट्याच वेगळ्या कराव्या. ज्यानें त्यानें आपल्या समाजाचा प्रतिनिधि आपणच निवडावा; म्हणजे कोणी कोणास दडपणार नाहीं. इंग्रज सरकारानें १९०९ च्या सुधारणांत मुसलमानांस असे स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९१६ च्या लखनौ करारांत काँग्रेस व मुस्लिम लीग या दोघांनींही ते मान्य केले. १९१९ च्या कायद्यानें पंजाबांतील शिखांस व मद्रासेकडील हिंदी ख्रिस्ती लोकांस ते मिळाले. पुढें १६ ऑगस्ट १९३२ रोजीं मुख्य प्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांनीं जातीय निवाडा जाहीर केला, त्यांत मुंबई इलाख्यांतील ख्रिस्ती लोकांचाही समावेश झाला. आणि १९३५ च्या कायद्याप्रमाणें १९३७ त जी निवडणूक झाली, तींत मुंबईच्या विधानसभेच्या १७५ जागांपैकीं ३ जागा हिंदी ख्रिस्ती मतदारांनीं आपल्यांतून भरावयाच्या होत्या.

आमच्या आजोबांच्या पिढीस ही व्यवस्था मोठ्या संरक्षणाची वाटली असल्यास नवल नाहीं. १७५ त ३ माणसें काय करणार, हा प्रश्न वेगळा. पण तिचा खरा दोष संख्येंत नव्हता. ज्या शेजाऱ्याचें मत मिळण्याची आशा नाहीं व जाण्याची भीतीही नाहीं, त्यास दुखविल्यानें उमेदवाराचें कांहीं बिघडत नाहीं. उलट तो आपल्या लोकांपुढें जितका मोठ्यानें शेजाऱ्याविरुद्ध बोलेल तितका तो आपल्या समाजाचा कैवारी ठरतो. दोन्ही बाजूंस असे कैवारी निपजले कीं मधला मनुष्य, ज्याचे दोन्ही आळ्यांत मित्र आहेत, तो निवडून येण्याचा संभवच उरत नाहीं. भिंत भांडणामुळें बांधली जाते, आणि मग भिंतीमुळें भांडण पोसलें जातें. आज वेगळ्या मतपेट्या नाहींत, तरी जो उमेदवार म्हणतो कीं मला अमक्या वस्तीचीं मतें नकोतच, तो त्याच जुन्या पेटीची कुलूपकिल्ली हातांत घेऊन फिरत आहे.

हें ओळखणारे लोक आपल्या समाजांत होते, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९३० च्या पहिल्या गोलमेज परिषदेस गेलेले के. टी. पॉल हे वेगळ्या मतदारसंघांच्या विरुद्ध होते. दुसऱ्या परिषदेंत डॉ. एस. के. दत्त हे त्याच मताचे होते, व १९३१ त अल्पसंख्याकांचा जो करार झाला त्यावर त्यांनीं सही केली नाहीं. त्यांचेच सहकारी, मद्रासेकडील ए. टी. पन्नीरसेल्वम, यांनीं मात्र सही केली. म्हणजे ख्रिस्ती लोकांतही दोन मतें होतीं, आणि दोन्ही प्रामाणिक होतीं.

या ठिकाणीं एक जोरदार आक्षेप येतो, व त्यास टाळून पुढें जाणें योग्य होणार नाहीं. तो डॉ. आंबेडकरांचा आहे. जातीय निवाड्यानें अस्पृश्य वर्गास स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते. गांधीजींनीं येरवड्याच्या तुरुंगांत २० सप्टेंबर १९३२ पासून उपवास आरंभिला, आणि २४ तारखेस पुणें करार होऊन स्वतंत्र मतदारसंघ गेले. त्यांच्या जागीं संयुक्त मतदारसंघांत राखीव जागा आल्या, प्रांतिक कायदेमंडळांत एकंदर १४८. जागा वाढल्या खऱ्या. पण पुढें डॉ. आंबेडकरांनीं वारंवार हेंच दाखविलें कीं, जो प्रतिनिधि दुसऱ्यांच्या मतांवर निवडून येतो तो दुसऱ्यांच्याच तोंडाकडे पाहून बोलतो. ज्यांचें दुःख सांगावयास त्यास पाठविलें त्यांचें दुःख तो सांगत नाहीं. हा आक्षेप खोटा आहे असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. राखीव जागेवर निवडून आलेली, पण ज्या वाड्यानें तिला उभी केली त्याच्या परवानगीशिवाय सही न करणारी सदस्या कोणीं पाहिली नाहीं? तेव्हां अडचण अशी आहे: पेटी वेगळी केली तर दुबळ्यास आवाज मिळतो पण शेजारी तुटतो, पेटी एक केली तर शेजारी राहतो पण आवाज गिळला जाण्याचें भय असतें. ज्यास या दोहोंपैकीं एकच बाजू दिसते त्यानें या विषयांत सल्ला देऊं नये.

स्वराज्य आल्यावर संविधान सभेपुढें हाच प्रश्न पुनः आला. १९४७ त स्वतंत्र मतदारसंघ नसावेत असें ठरलें, परंतु अल्पसंख्याकांच्या राखीव जागा तोंवर राहिल्या होत्या. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ होते. सरदार पटेल ज्या सल्लागार समितीचे अध्यक्ष होते, तिच्यापुढें ११ मे १९४९ रोजीं मुखर्जींनीं ठराव आणला कीं, अनुसूचित जातींखेरीज इतर अल्पसंख्याकांसाठीं कायदेमंडळांत राखीव जागा ठेवूं नयेत. त्याच महिन्याच्या अखेरीस संविधान सभेनें तें मान्य केलें. रोमन कॅथोलिक सभासद जेरोम डिसोझा यांचाही त्यास पाठिंबा होता. देशाची फाळणी होऊन दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. रक्त सुकलें नव्हतें. अशा वेळीं एका लहान समाजाच्या लोकांनीं आपल्या हातांतील जागा सोडून शेजाऱ्याच्या सद्बुद्धीवर विसंबावें, हें सोपें नव्हतें.

त्यांचा विश्वास सार्थ झाला काय? अर्धा झाला. धर्म पाळण्याचें व प्रसाराचें स्वातंत्र्य संविधानांत लिहिलें गेलें. परंतु १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींत फक्त हिंदु धर्माचे लोक गणले जातील असें ठरलें. १९५६ त शीख आणि १९९० त बौद्ध त्यांत घेतले गेले, ख्रिस्ती नाहींत. याचा अर्थ आमच्या खेड्यांत असा होतो कीं, एकाच वाड्यांतील, एकाच पणज्याच्या दोन नातवंडांपैकीं जें बौद्ध झालें तें राखीव जागेवर उभें राहूं शकतें, जें ख्रिस्ती झालें तें राहूं शकत नाहीं. पाणवठ्यावर मात्र दोघांच्या आज्यांस एकाच हातानें मागें सारलें गेलें होतें. २००७ त न्या. रंगनाथ मिश्र यांच्या आयोगानें हा भेद काढावा अशी शिफारस केली. २०२२ त न्या. के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालीं पुनः आयोग नेमला गेला. इकडे आयोगामागून आयोग चालले आहेत, आणि तिकडे वाड्यांत चुलतभाऊ चुलतभावाकडे वाकड्या नजरेनें पाहूं लागला आहे. कांहीं पुढाऱ्यांस ही नजर फार उपयोगाची असते. बौद्ध बंधूंस ते सांगतात कीं ख्रिस्ती तुमच्या ताटांतलें घेणार. ख्रिस्ती लोकांस सांगतात कीं बौद्ध तुम्हांस आड येतात. आमच्या वाचकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें: आपला दावा कायद्यापाशीं आहे, शेजाऱ्यापाशीं नाहीं. आणि तो दावा मोठ्यानें सांगणें ही दुफळी नव्हे. १९४९ त ज्यांनीं विश्वासानें हात मोकळा केला, त्यांच्या नातवंडांनीं त्या विश्वासाची आठवण करून देण्यांत कांहीं गैर नाहीं.

आतां आपल्या शास्त्रांतील एका गोष्टीकडे वळूं. ती प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायांत आहे, आणि ती उपदेशक बहुधा सेवकांच्या नेमणुकीवर प्रवचन करण्यापुरतीच वापरतात. यरुशलेमेंतील पहिली मंडळी अद्याप लहान असतां तींत दोन भाषांचे दोन तट पडले. एक तेथलेच, इब्री बोलणारे; दुसरे परदेशीं वाढलेले, हेल्लेणी बोलणारे. रोजच्या अन्नाच्या वाटणींत हेल्लेणी विधवांकडे दुर्लक्ष होतें अशी कुरकुर उठली. वाटणी कोणाच्या हातीं होती तें उघड आहे. बारा प्रेषितांनीं काय केलें तें पाहण्यापूर्वीं, त्यांनीं काय केलें नाहीं तें पाहावें. कुरकुर करणें पाप आहे, गप्प बसा, असें ते म्हणाले नाहींत. दोन्ही तटांसाठीं दोन पंगती वेगळ्या मांडा, असेंही म्हणाले नाहींत. त्यांनीं सर्वांस एकत्र बोलावून सात माणसें निवडावयास सांगितलें, आणि जीं निवडलीं गेलीं त्यांचीं नांवें, स्तेफनापासून निकलावापर्यंत, सातही हेल्लेणी आहेत. नांवावरून मनुष्याची भाषा निश्चित ठरत नाहीं, हें आम्ही जाणतों. बारांतही फिलिप्प व अंद्रिया हीं हेल्लेणी नांवेंच होतीं. तरी सातांपैकीं एकही इब्री नांव नसावें, व त्यांतील निकलाव तर अंत्युखियाचा, जन्मानें यहूदीही नसलेला, हा केवळ योगायोग असेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या तटाची तक्रार होती त्याच तटाच्या हातीं सर्वांची पंगत दिली गेली, इब्री विधवांचीही. मोठ्या गटानें आपल्या विधवांचें अन्न लहान गटाच्या हातांतून घेण्यास मान्यता दिली, यांत या गोष्टीचें सर्व मर्म आहे. पंगत एकच राहिली, पण पळी दुसऱ्याच्या हातीं गेली.

आम्हांस वाटतें कीं, पेटी वेगळी कीं एक, या वादांत जी अडचण वर दाखविली तिच्यांतून निघण्याची वाट या बाजूस आहे. ही वाट कायद्यानें पूर्णपणें बांधतां येणार नाहीं. कारण निवडून आल्यावर अधिकार कसा वांटावा हें बव्हंशीं जिंकणाराच्या मनावर असतें. जो हरला त्यास तक्रार करण्याची मोकळीक ठेवणें ही पहिली पायरी झाली. त्याच्या हातीं असें कांहीं काम देणें कीं ज्यावर जिंकणाराचेंही पोट अवलंबून आहे, ही दुसरी. पुष्कळ सरपंच पहिल्या पायरीपर्यंतही येत नाहींत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशींच्या ग्रामसभा कागदावर भरतात, सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात, आणि विरोधी गटाच्या मनुष्यास सभा झाल्याचें दुसऱ्या दिवशीं कळतें. आमच्या मंडळींतील जीं माणसें सदस्य आहेत त्यांनीं निदान एवढें तरी करावें कीं, न झालेल्या सभेच्या कागदावर सही करूं नये. यामुळें त्यांचा गट त्यांच्यावर रुष्ट होईल. होऊं द्यावा.

पाळकांविषयींही दोन शब्द लिहिणें भाग आहे. मतदानापूर्वीं उमेदवार मिशनच्या बंगल्यावर किंवा पाळकाच्या घरीं येतात, चहा घेतात, आणि विचारतात, 'पाळकसाहेब, तुमच्या मंडळीचीं मतें किती?' समाजमंदिरास पत्रे देऊं, कबरस्थानास कुंपण घालूं, असेंही म्हणतात. कबरस्थानास कुंपण पाहिजे हें खरें आहे. परंतु ज्या पाळकानें मंडळीचीं मतें गठ्ठ्यानें मोजून दिलीं, त्यानें बंद झालेली वेगळी पेटी आपल्या हातानें पुनः उघडली. आणि पुढच्या रविवारीं ज्या चार घरांनीं त्याचें ऐकलें नाहीं तीं चार घरें त्याच्या पंगतींतून उठलीं. उमेदवारास इतकेंच सांगावें कीं, कुंपणाची मागणी आम्ही ग्रामसभेंत करूं, तेव्हां आपण सरपंच असा वा नसा, तेथें हजर राहा. आणि मतें पाहिजेत तर घरें उघडीं आहेत, एकेका उंबऱ्यावर जा. उपदेशक व शिक्षक बंधूंस आमची सूचना आहे कीं, दोन्ही गटांच्या घरीं प्रार्थनेस जाण्याचा नेम निवडणुकीच्या महिन्यांत मोडूं देऊं नये, आणि जेथें जाल तेथें दुसऱ्या घरची बातमी नेऊं नये. हें दुसरें पहिल्याहून कठीण आहे.

आमच्या ओळखीच्या एका गांवीं, जेथें उन्हाळ्यांत तीन महिने टँकरचें पाणी येतें, तेथें जिंकलेल्या गटानें पाळीची वही हरलेल्या उमेदवाराच्या स्वाधीन केली. जिंकलेल्यांपैकीं बरेच जण याला नाराज होते. त्यांच्या बायकांस पाण्यासाठीं आतां त्याच्या दारीं जावें लागे. पहिल्या आठवड्यांत त्यानें आपल्या आळीस दोन खेपा अधिक दिल्या, आणि आरडाओरड झाली. तेव्हां वही काढून घ्या असें सर्वांनीं म्हटलें. सरपंचानें ती काढून घेतली नाहीं. वहीची एक प्रत रोज सायंकाळीं पंचायतीच्या भिंतीवर लावावी एवढेंच ठरविलें. त्या उन्हाळ्यांत भांडणें संपलीं नाहींत, परंतु तीं खेपांच्या आंकड्यांवर होऊं लागलीं, आणि आंकडा चुकला असेल तर दोन्ही आळ्यांतील माणूस एकाच भिंतीपुढें उभा राहून बोट ठेवून दाखवूं लागला. पुढच्या उन्हाळ्यांत ती वही लिहिण्यास दोन्ही आळ्यांतून एकेक बाई बसविली आहे, व वहीचा खर्च पंचायत देते.